एसीई की एसीई-आयक्यू? थिसिससाठी कुठली प्रश्नावली घ्यायची

लहानपणी सोसलेल्या गोष्टींचा मोठेपणीच्या तब्येतीवर काय परिणाम होतो ते मोजायचंय आणि हातात जेमतेम वर्ष आहे, मग दहा प्रश्नांची एसीई (ॲडव्हर्स चाइल्डहुड एक्सपीरियन्सेस, म्हणजे लहानपणीचे वाईट अनुभव) प्रश्नावली घ्या आणि मोकळे व्हा असं वाटणारच, मलाही वाटलेलं. नाव मोठं आहे तिचं. फेलिटी आणि अँडा या अमेरिकन डॉक्टरांचा १९९८ चा पेपर, सॅन डिएगोमधले साडेनऊ हजार लोक, आणि असल्या अनुभवांचे चार किंवा जास्त प्रकार सोसलेल्यांत, काहीच न सोसलेल्यांपेक्षा, दारूचं व्यसन, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट.

पण ती सगळी इन्शुरन्सवाली माणसं, बहुतेक गोरी. त्यात आईवडील वेगळे झाले का असं विचारतात. आता बीडकडचं एखादं पोर घ्या, आईबाप ऊसतोडीला गेले की पाच-सहा महिने आजीकडे, शाळेची बोंब, पण घटस्फोट नाही म्हणजे गुण शून्य! गरिबी, जात, गुंडगिरी, दंगल, यातलं काहीच तिथे नाही.

डब्ल्यूएचओची एसीई-आयक्यू (आयक्यू म्हणजे इंटरनॅशनल क्वेश्चनेअर, बुद्ध्यांक नव्हे) इथे बरी पडते. १३ प्रकार आहेत, पोरापोरांतली दादागिरी, वस्तीतली मारामारी, दंगल-युद्ध असलं सगळं विचारतात. वेळ मात्र जास्त लागतो, आणि गुण देताना घोळ होतो, कारण हो-नाही पद्धतीत एकदा खाल्लेली चापट पण मोजली जाते, मग आपल्याकडे सुटणार कोण? म्हणून 'किती वेळा' वाली पद्धतच घ्या. जात, कर्ज, स्थलांतर हे प्रश्न तरी वेगळे जोडावेच लागतात.

खरं तर बेस्ट म्हणजे जन्मापासून मागोवा घेणं, पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडीने बाळ पोटात यायच्या आधीपासून नोंदी ठेवल्या तसं. आठवून सांगितलेलं आणि तेव्हाच नोंदवलेलं फारसं जुळत नाही, हे २०१९ मध्ये जामा सायकियाट्री या जर्नलमध्ये आलंय. पण ते थिसिसवाल्याचं काम नाही, सोडा.

मी असते तर एसीई-आयक्यूच घेतली असती. फक्त एका माणसाचा स्कोअर बघून "तुला हार्टचा त्रास होणार" असलं काही बोलू नका, ते आकडे गटाचे असतात, खुद्द अँडांनीच तसं बजावलंय. आणि मुलाखत घरात घेऊ नका. माझ्या पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, सासूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या, सूनबाई प्रत्येक प्रश्नाला "नाही ताई, सगळं चांगलं होतं", आणि आठवड्याने तीच बाई अंगणवाडीत एकटी भेटली तेव्हा दोन तास बोलली.