तालुक्याच्या वाचनालयातलं ‘काय वाचू?’ कपाट

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे सार्वजनिक वाचनालय. देवघेवीच्या टेबलाला लागून काचेचं एक कपाट आहे, वर खडूनं लिहिलंय ‘काय वाचू?’. आत चाळीसेक पुस्तकं आणि प्रत्येकात पोस्टकार्डाएवढी एक चिठ्ठी. शिफारशी बऱ्याच वाचनालयांत असतात, पण ती बहुधा नव्या खरेदीची यादी असते. इथल्या चिठ्ठीवर पुस्तकाची स्तुती नाही. पानं किती, सुरुवात कुठून करायची, वाचक कुठं अडतो आणि अडला तर काय करायचं, एवढंच लिहिलेलं असतं. शिफारस अशीच असावी.

सगळ्यात चांगली चिठ्ठी अनंत भालेराव यांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथात आहे. १७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, जवळ आला की त्याला मागणी येते आणि दसऱ्याच्या आत तो अर्धवट परत येतो. कारण साधं आहे: आजचा वाचक त्यात आपला जिल्हा शोधतो आणि तो सापडत नाही. निजामाच्या राज्यात जिल्हे १६ होते. तेलुगू भागात ८, कन्नड भागात ३ आणि मराठी भागात ५: औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद. जालना जिल्हा झाला १९८१ साली, लातूर १९८२ साली, हिंगोली १९९९ साली. म्हणजे लातूर-औशाकडच्या गावाची हकीकत उस्मानाबादखाली बघायची, उदगीर-निलंगा-अहमदपूरकडची कन्नड भागातल्या बीदरखाली आणि हिंगोलीची परभणीखाली. चिठ्ठीच्या मागं हातानं काढलेला सोळा जिल्ह्यांचा नकाशा आहे. तो शेजारी ठेवला की निम्मा गोंधळ मिटतो.

उरलेला गोंधळ घाईनं होतो. पोलीस ॲक्शनचे, म्हणजे निजामाविरुद्धच्या भारतीय लष्करी कारवाईचे, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ हे पाच दिवस आधी वाचायचे म्हणून लोक मधली पानं सोडून पुढं जातात. १९३८चा हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह गाळला, तर पुढं येणारी माणसं कोण, कुठली, हेच लागत नाही. चिठ्ठीतला सल्ला असा: रोज पंधरा पानं, आणि वहीच्या एका पानावर नाव, गाव, साल असे तीन रकाने. आठवड्याभरात ते पान भरतं आणि मग पुस्तक हातातून सुटत नाही.

आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लोमटे परभणीकडचेच, म्हणून इथं हा कथासंग्रह सहसा बाहेरच असतो. कथा लांब आहेत. झोपायच्या आधी चार-चार पानं असं वाचलं तर धागा तुटतो. एका बैठकीत एक कथा पुरी करावी, आणि दुसरी त्याच दिवशी घेऊ नये. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ मोठ्यानं वाचा, असं चिठ्ठी सांगते, तेही बरोबर. मनातल्या मनात वाचून त्यातली लय कळत नाही. नरहर कुरुंदकरांच्या ‘जागर’ या लेखसंग्रहावरचा ‘सोपे’ हा शेरा मात्र चुकला आहे. वाक्यं सोपी आहेत, युक्तिवाद नाही. लेख सुटे असल्यामुळं कुठूनही सुरू करता येतं, पण प्रत्येक लेखानंतर ‘हे नेमकं कोणाचं म्हणणं खोडतायत?’ याचं उत्तर एका ओळीत लिहून बघावं. लिहिता आलं नाही, तर लेख पुन्हा वाचायचा.

चिठ्ठ्यांइतकंच महत्त्व ग्रंथपालांच्या एका प्रश्नाला आहे. ‘काय आवडतं?’ असं ते विचारत नाहीत, ‘शेवटचं अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं?’ असं विचारतात. आवडीबद्दल माणूस ऐकीव नावं सांगतो. सोडलेल्या पुस्तकावरून मात्र जाडी नडली, भाषा नडली की विषय, ते लगेच कळतं. जाडी नडली असेल तर ते दीडशे पानांच्या आतलं पुस्तक देतात. वाचनाची मोडलेली सवय परत लावायची तर हाच रस्ता.

आता उणिवा. शिफारशीच्या पुस्तकाची प्रत एकच असते आणि मागणी लिहायला वही ठेवलेली नाही. जो आधी दिसेल तो नेतो. चिठ्ठी पुस्तकाबरोबर घरी जाते आणि तिथंच राहते. ती मागच्या आतल्या पुठ्ठ्याला चिकटवली तर प्रश्नच मिटेल. नवी पुस्तकं अनुदानाचा हप्ता आल्यावर एकगठ्ठा येतात, त्यामुळं कपाट महिनोन्महिने तेच राहतं. मुलांसाठी जेमतेम पाच पुस्तकं आहेत आणि कोणत्या इयत्तेला कोणतं, हे त्यावर नाही.

वाचकांचीही एक चूक आहे. इथं मुक्तद्वार पद्धत आहे, कपाटातून पुस्तक आपण काढायचं. मराठी कथा-कादंबऱ्यांच्या पाठीवर ८९१.४६३ हा विषयाचा क्रमांक असतो, शेतीच्या पुस्तकांवर ६३०. बघून झालेलं पुस्तक लोक मोकळ्या जागेत खोचतात आणि ते सहा-सहा महिने ‘हरवलेलं’ राहतं. नको असेल तर टेबलावर ठेवा, जागेवर लावणं कर्मचाऱ्यांचं काम आहे.

दिवाळी अंक घरी वाचायला नेण्याची योजना जरूर घ्या. पहिल्या महिन्यात गाजलेल्या अंकांसाठी झुंबड असते. जानेवारीनंतर तेच अंक निवांत मिळतात आणि आतला मजकूर काही शिळा होत नाही.

सगळ्यात मोठी तक्रार वेळेची. वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. पाच वाजेपर्यंत खेड्यावरून शिकायला येणाऱ्या मुली परतीच्या एसटीत बसलेल्या असतात, आणि सकाळी त्या वर्गात असतात. आठवड्यातून दोन दिवस दुपारी दोन ते चार देवघेव सुरू ठेवली, तर हे कपाट त्यांच्यापर्यंत पोचेल.