चामड्याच्या बुटांवरील सुरकुत्या: शू ट्री, कागद, क्रीज गार्ड की दुसरा जोड?

चामड्याचे नवे बूट घातले की थोड्याच दिवसांत बोटांच्या मुळाशी आडव्या रेषा उमटू लागतात आणि घेणारा हळहळतो. त्यावर उपाय विचारला, तर कोणी लाकडी शू ट्री (बूट काढल्यावर आत बसवायचा पायाच्या आकाराचा ठोकळा) घ्यायला सांगतो, कोणी बुटात वर्तमानपत्र कोंबायला, कोणी प्लास्टिकचे क्रीज गार्ड (बुटाच्या पुढच्या भागात आतून बसवायची कवचे) मागवायला, तर कोणी एकच जोड रोज न घालता दुसरा घ्यायला. या चारही गोष्टींचे काम एकमेकांहून वेगळे आहे, आणि ते लक्षात न घेता पैसे खर्च केले की बूटही खराब होतात आणि उपायावरचा विश्वासही जातो. माझा क्रम असा आहे: आधी योग्य माप, मग दुसरा जोड, मग लाकडी शू ट्री, वर्तमानपत्र पावसाळ्यापुरते, आणि क्रीज गार्ड फॉर्मल बुटांत अजिबात नको. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून काळे बूट रोज दिवसभर पायांत असणाऱ्यांची शहरात भर पडली आहे. त्यांच्यासारख्या नेमाने बूट वापरणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून ही तुलना केली आहे.

सुरकुती पडते कशी, हे आधी पाहू. पाऊल उचलताना टाच वर येते आणि बूट बोटांच्या मुळाशी वाकतो. त्या क्षणी तळ ताणला जातो, तर वरचे चामडे दाबले जाऊन घडी पडते. चामडे म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचे जाळे असते. पायाच्या घामाने ते ओलसर आणि मऊ होते, आणि घडी पडलेल्या अवस्थेतच वाळले की तो आकार त्यात कायमचा बसतो. म्हणून चालणाऱ्या माणसाच्या बुटावर सुरकुती पडणारच नाही, असे सांगणाऱ्या कोणत्याही वस्तूवर विश्वास ठेवू नये. बारीक, समांतर, उथळ रेषा आणि बोट अडकेल इतकी खोल घडी यांत मात्र मोठा फरक असतो, आणि तो फरक बऱ्याच अंशी आपल्या हातात असतो.

खोल घडीचे सर्वांत मोठे कारण म्हणजे चुकीचे माप. आपल्याकडचे बुटांचे नंबर बहुधा ब्रिटिश पद्धतीचे असतात आणि त्यात एका नंबराचा फरक इंचाच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो. ‘थोडे सैल असलेले बरे’ म्हणून एक नंबर मोठा घेतला, तर पाय आणि चामडे यांच्यामध्ये पोकळी राहते, आणि आधार नसलेले चामडे त्या पोकळीत कोसळते. शिवाय पाय जिथे वाकतो आणि बूट जिथे वाकण्यासाठी बनलेला असतो, त्या जागा एकमेकींपासून सरकतात, त्यामुळे घडी वेडीवाकडी पडते. बूट संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, बुटावर घालायचे नेहमीचे मोजे चढवूनच पाहावेत. नाड्या बांधल्यावर दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पूर्ण मिटून एकमेकींना टेकत असतील, तर तो बूट तुमच्या पायाला मोठा आहे, असे समजावे. दुकानदार काहीही म्हणाला तरी तो घेऊ नये. हा उपाय फुकट आहे आणि बाकीच्या सगळ्या उपायांपेक्षा परिणामकारक आहे.

दुकानात आणखी एक गोष्ट पाहता येते. बुटाच्या पुढच्या भागावर अंगठ्याने हलके दाबावे. बारीक लाटा उठल्या आणि अंगठा काढताच विरल्या, तर चामड्याचे तंतू घट्ट आहेत. जाड, सैल घडी पडली आणि पृष्ठभाग खालच्या थरापासून सुटल्यासारखा वाटला, तर ते चामडे बहुधा पोटाच्या बाजूचे आहे. जनावराच्या पाठीकडचे चामडे घट्ट विणीचे असते, पोटाकडचे सैल आणि ताणले जाणारे, आणि स्वस्त बुटांत पोटाकडचे तुकडे वरच्या भागालाही वापरले जातात. ज्या चामड्याचा वरचा थर घासून त्यावर रंगाचा जाड लेप दिलेला असतो, ते नवे असताना आरशासारखे दिसते. पण त्याच्या घडीत लेपालाच तडे जातात. चामड्याच्या खालच्या थरावर पीयूचा (पॉलीयुरेथेन या प्लास्टिकचा) पातळ पापुद्रा चिकटवलेला असेल, तर तो पुढे सोलून निघतो आणि तिथे ना शू ट्री कामी येते ना क्रीम. अशा बुटांसाठी महागडी साधने घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

दुसरा जोड घेण्याचा सल्ला ऐकायला महाग वाटतो, म्हणूनच त्याचा हिशेब नीट मांडायला हवा. दिवसभर घातलेल्या बुटाचे अस्तर आणि इन्सोल घाम शोषून घेतात आणि तो ओलावा एका रात्रीत पूर्ण जात नाही. सकाळी तोच बूट पुन्हा पायात गेला, की आधीच मऊ असलेले चामडे त्याच घडीत आणखी खोल दुमडते. एक दिवस वापर आणि एक दिवस विश्रांती मिळाली, तर दोन जोड मिळून एकामागून एक वापरलेल्या दोन जोडांपेक्षा जास्त काळ टिकतात, असा जाणकारांचा अनुभव आहे आणि कारण पाहता तो पटण्यासारखा आहे. शेवटी दुसरा जोड लागणारच असेल, तर तो पहिला संपल्यावर घेण्याऐवजी आधीच घेणे शहाणपणाचे. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडची हवाच इतकी दमट असते की एक दिवसाची विश्रांतीही कधी कधी अपुरी पडते. भिजलेल्या बुटाला दोन पूर्ण दिवस द्यावेत.

आता शू ट्री. हा लाकडाचा किंवा प्लास्टिकचा पायाच्या आकाराचा ठोकळा असतो आणि बूट काढल्यावर तो आत बसवतात. बूट शिवणारे कारागीर ज्या फर्म्यावर बूट चढवतात, त्याचाच हा दूरचा भाऊ. तो सुरकुती पडू देत नाही असे नाही. दिवसभरात पडलेली घडी ओलसर असतानाच तो ताणून धरतो आणि चामड्याला सपाट अवस्थेत वाळू देतो. म्हणूनच तो बूट काढल्या काढल्या, चामड्यात पायाची ऊब असतानाच बसवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवण झाल्यावर बसवलेल्या शू ट्रीचा फायदा फारच थोडा होतो.

लाकडी आणि प्लास्टिकची शू ट्री यांच्यात किमतीचा फरक कित्येक पट असतो, आणि निर्णय इथेच अडतो. लाकूड, विशेषतः लेप न दिलेले देवदारासारखे सुवासिक लाकूड, ओलावा शोषते आणि वासही कमी करते. प्लास्टिक यांतले काहीच करत नाही, फक्त आकार धरते. चकचकीत वॉर्निश मारलेले लाकडी ठोकळे मात्र मी टाळीन, कारण लेपामुळे लाकडाचा शोषण्याचा गुण उरत नाही आणि पैसे लाकडाचे जातात. आकाराचेही तितकेच महत्त्व आहे. एका टोकाला पंजा आणि दुसऱ्या टोकाला लहान गोळा, मध्ये वाकवलेली स्प्रिंगची तार, अशी जी स्वस्त शू ट्री मिळते, तिचा तो गोळा टाचेच्या एकाच बिंदूवर सगळा जोर देतो. काही महिन्यांत तिथे बाहेरून फुगवटा दिसू लागतो. टाचेचा भाग रुंद आणि गोलाकार असलेली, पुढचा पंजा उभा चिरलेला आणि रुंदीतही पसरणारी शू ट्री घ्यावी. बजेट कमी असेल तर रुंद टाचेची प्लास्टिकची शू ट्री चालेल; तारेच्या गोळ्याची नको. दोन जोडांसाठी शू ट्रीची एकच जोडी पुरते, कारण जो जोड आज काढला त्यालाच तिची गरज असते.

वर्तमानपत्राची बाजू घेणारेही बरेच आहेत आणि एका बाबतीत ते बरोबर आहेत. पावसात चिंब झालेल्या बुटातले पाणी कागद लाकडापेक्षा लवकर ओढून घेतो. रोजचा अंक चुरगाळून सैलसर भरावा, तासा-दोन तासांनी ओला कागद काढून कोरडा घालावा, आणि पाणी निघून बूट नुसता दमट राहिला की मग शू ट्री बसवावी. पण कागद चामड्याला ताण देत नाही, त्यामुळे घडी सपाट करण्याचे काम त्याच्याकडून होत नाही. उलट घट्ट कोंबला तर ओले चामडे फुगून बेढब होते. फिकट अस्तराच्या बुटात शाईचे डाग पडतात, तिथे जुना सुती पंचा बरा. आणि कागद आठवडाभर तसाच विसरला, तर कोल्हापूरच्या पावसाळ्यात आतून बुरशी येते. भिजलेला बूट गॅसच्या शेगडीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नये. तो कडक होतो आणि घडीच्याच रेषेवर चिरतो.

क्रीज गार्डबद्दल मी स्पष्टपणे प्रतिकूल आहे. ही पातळ प्लास्टिकची किंवा फोमची कवचे बुटाच्या पुढच्या भागात आतून बसवतात, म्हणजे चालतानाही चामडे खाली बसत नाही. मुळात ती रुंद, फुगीर पंजाच्या स्नीकरसाठी आहेत आणि तिथे, बूट थोडा वेळ घालायचा असेल तर, ती काम करतात. फॉर्मल बुटात इतकी जागा नसते. कवचाची मागची कड नेमकी बोटांच्या सांध्यावर येते, पाय वाकला की ती टोचते, फोड येतात. आणि घडी नाहीशी होण्याऐवजी कडेलगत सरकून आधीपेक्षा धारदार होते. नाडी नसलेल्या लोफरमध्ये तर कवच जागेवरही राहत नाही. बूट पायासाठी असतो. सुरकुती वाचवण्यासाठी पायाला जखम करून घेणे मला मान्य नाही.

याउलट एक साधी युक्ती फारशी कोणाला माहीत नसते. नवा बूट पहिल्यांदा घातल्यावर नाड्या बांधून उभे राहावे, पाय जिथे वाकतो तिथे एक गोल पेन्सिल बुटावर आडवी ठेवून बोटांनी हलके दाबावे आणि टाच सावकाश उचलावी. पहिली घडी पेन्सिलीच्या सरळ रेषेत पडते आणि पुढच्या घड्या बहुतेक तिचाच माग धरतात. दोन्ही बुटांवर पेन्सिल एकाच अंतरावर ठेवली, तर जोड जुना झाल्यावरही एकसारखा दिसतो. पुढे टोपी शिवलेल्या बुटात ही रेषा टोपीच्या शिवणीमागे यायला हवी. शिवणीवरच आली, तर माप चुकले आहे असे समजावे. साध्या, शिवण नसलेल्या पंजाच्या बुटावर घडी सर्वांत उठून दिसते, म्हणून तिथे ही युक्ती जरूर करावी. स्वेडच्या, म्हणजे मखमली पृष्ठभागाच्या चामड्याच्या बुटावर तिची फारशी गरज नाही.

टाचेच्या सुरकुत्या हा वेगळा प्रकार आहे आणि तो पूर्णपणे टाळता येतो. अंबाबाईच्या दर्शनाला, कोणाच्या घरी, कुठेही आपल्याला दिवसातून अनेकदा बूट काढावे-घालावे लागतात, आणि नाड्या न सोडता पाय घुसवण्याच्या सवयीने टाचेची मागची भिंत दुमडते. तिच्या आतला कडक पुठ्ठा किंवा चामड्याचा तुकडा एकदा मोडला, की तो पुन्हा उभा राहत नाही. खिशात मावणारा शू हॉर्न काही रुपयांत मिळतो. वर तुलना केलेल्या सगळ्या वस्तूंत पैशाच्या मानाने सर्वांत जास्त काम हाच करतो.

क्रीम आणि पॉलिश सुरकुती रोखत नाहीत, घडीत चामडे चिरण्यापासून वाचवतात. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेला तेल देण्याची रीत आहे आणि बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेल्या त्या जाड चामड्याला ती मानवते. बुटाचे पातळ, बहुधा क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेले चामडे मात्र तेलाने सैल आणि काळपट होते, पॉलिश धरत नाही, आणि घड्या आणखी खोल पडतात. बुटाला महिन्यातून एकदा थोडे क्रीम पुरे. डबीतले मेणाचे पॉलिश टोकाला आणि टाचेला लावावे. वाकणाऱ्या भागावर त्याचे थर चढले, की ते घडीत फुटून पांढरट रेषा दिसू लागतात.

घोट्यापर्यंतच्या बुटांना घोट्यावर वळ्या पडणारच, आणि त्या घालवण्याचा प्रयत्नही करू नये. फक्त ठेवताना नळी एका बाजूला कलंडू नये म्हणून आत गुंडाळलेले जाड मासिक उभे करावे. मोटरसायकल चालवणाऱ्यांच्या डाव्या बुटावर गिअरच्या दांडीचा जो व्रण उमटतो, तो सुरकुतीत मोडत नाही आणि शू ट्रीने जातही नाही. त्यासाठी दांडीवर चढवायचे रबर किंवा बुटावर बांधायची पट्टी एवढाच उपाय आहे.

खोल घडी आधीच पडली असेल, तर ओल्या कापडावरून इस्त्री फिरवण्याचा उपाय सुचवला जातो. त्याने घडी उथळ होते, जात नाही, आणि धोका मोठा आहे. झाडांच्या सालींनी कमावलेले ओले चामडे साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसू लागते, क्रोमने कमावलेले १०० अंशांच्या आसपास टिकते, आणि इस्त्रीची एका ठिपक्याची सर्वांत कमी खूणच सुमारे ११० अंशांची असते. त्याऐवजी घडीवर क्रीम लावून हलके चोळावे आणि घट्ट बसणारी शू ट्री दोन दिवस आत ठेवावी. एवढ्याने घडी मनासारखी उथळ झाली नाही आणि इस्त्री करायचीच असेल, तर शू ट्री आत ठेवून, कापड दुहेरी करून, एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त न थांबता करावी, आणि आधी नाड्यांखालच्या जिभेच्या कडेवर, जिथे डाग दिसणार नाही तिथे, करून पाहावी.