रेंज नसताना कोणता नकाशा: गूगल, ॲपल, ऑरगॅनिक की ऑसमअँड?

निळा ठिपका अगदी बरोबर जागी होता. फक्त त्याच्याखाली नकाशा नव्हता. राखाडी चौकटी, मधोमध ठिपका, आणि समोर दोन वाटांना फुटलेला फाटा. चूक माझीच. आदल्या रात्री तोच भाग स्क्रीनवर मोठा करून दोनदा बघितला होता आणि बघितला म्हणजे फोनमध्ये साठला असं धरून चाललो होतो. थोडाफार साठतोही, पण किती आणि किती वेळ, हे आपल्या हातात नसतं. त्या दिवशी चुकीच्या वाटेनं वीस मिनिटं चालून पुन्हा फाट्यावर आलो. त्यानंतर नकाशाची बरीच ॲपं फ्लाइट मोडमध्ये टाकून वापरून पाहिली. कोणतं ठेवायचं या विचारात असाल तर हा त्याचा हिशेब.

आधी एक गोष्ट सुटी करून घेऊ. ‘ऑफलाइन चालतं’ असं ॲपवाले म्हणतात, तेव्हा त्यात तीन वेगळी कामं एकत्र गुंडाळलेली असतात. पहिलं, आपण कुठे आहोत ते. हे उपग्रह सांगतात. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह सतत संदेश सोडत असतात आणि फोन ते नुसते ऐकतो, उलट काही पाठवत नाही. म्हणून सिमकार्ड काढलेल्या फोनलाही आपली जागा कळते. दुसरं, नकाशाचं चित्र. तो उतरवून ठेवला तर आहे, नाहीतर राखाडी चौकटी. तिसरं, नाव टाकल्यावर ठिकाण शोधणं आणि तिथवरचा रस्ता आखणं. हे फोनमध्येच होतं की दूरच्या सर्व्हरवर, आणि फोनमध्ये होत असेल तर गाडीसाठी की पायी चालणाऱ्यासाठीही, इथे ॲपं एकमेकांपासून वेगळी होतात. पहिल्या दोन बाबतींत सगळी उन्नीस-बीस आहेत.

गूगल मॅप्सपासून सुरुवात करू, कारण ते बहुतेकांच्या फोनमध्ये आधीच असतं. त्यात हवा तो चौकोन आखून नकाशा उतरवता येतो. नावं शोधण्यात त्याची बरोबरी नाही. दुकान, दवाखाना, पेट्रोल पंप, अर्धवट किंवा चुकीच्या स्पेलिंगचं नाव टाकलं तरी सापडतं, आणि त्यातलं बरंचसं उतरवलेल्या भागात रेंजशिवायही मिळतं. गाडीनं जाणार असाल तर वळणावळणाच्या सूचनाही मिळतात, मात्र सगळा रस्ता उतरवलेल्या चौकोनात बसायला हवा. वाहतुकीची कोंडी, पर्यायी रस्ते, कोणत्या लेनमध्ये राहायचं, हे सगळं मात्र जातं.

यात मोठी खोच अशी की रेंज नसताना गूगल फक्त गाडीचा रस्ता आखून देतं. पायी, सायकल, बस-ट्रेन यांपैकी काही नाही. हे मला अनेक वर्षं ठाऊकच नव्हतं, कारण नेट असताना चारही पर्याय शेजारी शेजारी दिसतात आणि आपण ते कायमचे आहेत असंच समजतो. नेट असताना पायी जाण्याचा रस्ता सुरू करून निघालात, तर आखलेली रेघ पुढे रेंज गेली तरी सहसा टिकते. पण एकदा वाट सोडलीत, की नवी आखून द्यायला कुणी नसतं. शिवाय उतरवलेल्या नकाशाला मुदत असते. ती संपत आली की वायफाय मिळाल्यावर ॲप तो आपणहून ताजा करायला बघतं, पण निघायच्या आदल्या दिवशी स्वतः एकदा तपासलेलं बरं. काही प्रदेशांचे नकाशे करारांच्या अडचणींमुळे उतरवताच येत नाहीत, तेव्हा परक्या देशात जाणार असाल तर हेही आधीच बघा.

आयफोन असेल तर ॲपल मॅप्सकडे नव्यानं बघायला हरकत नाही. २०२३ साली आलेल्या आयओएस १७ पासून त्यातही नकाशे उतरवता येतात, आणि ते उपलब्ध असलेल्या भागांत गाडीबरोबर पायी, सायकल आणि सार्वजनिक वाहतुकीच्या सूचनाही रेंजशिवाय मिळतात. म्हणजे याबाबतीत ते गूगलच्या एक पाऊल पुढे आहे. दोन सेटिंग्ज पाहून ठेवा. एक आहे जागा वाचवण्याचं: ते चालू असेल तर बरेच दिवस न वापरलेला नकाशा फोन गुपचूप काढून टाकतो. दुसरं आहे फक्त ऑफलाइन नकाशेच वापरण्याचं, आणि ते दिसतं त्याहून फार उपयोगी आहे.

कारण रेंज अजिबात नसण्यापेक्षा अर्धीमुर्धी रेंज जास्त छळते. एक काडी दिसत असते, ॲप सर्व्हरला हाका मारत बसतं, गोल फिरत राहतो आणि फोनमध्ये उतरवलेला नकाशा तसाच पडून असतो. अशा वेळी कोणतंही ॲप असो, सरळ फ्लाइट मोड लावा. हल्लीच्या फोनमध्ये त्यानं जीपीएस बंद होत नाही. बॅटरीही वाचते, कारण टॉवर शोधत राहणाऱ्या फोनची बॅटरी भराभर उतरते.

आता तिसरा गडी, ऑरगॅनिक मॅप्स. हे मुळातच रेंज नाही असं धरून बांधलेलं ॲप. यामागचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा. २००४ साली सुरू झालेला हा प्रकल्प जगभरच्या स्वयंसेवकांनी हातानं रेखाटला आहे. ॲपचा इतिहास थोडा गुंतागुंतीचा आहे: मॅप्समी नावाचं लोकप्रिय ॲप २०१४ मध्ये विकलं गेलं, आणि ते मुळात बनवणाऱ्यांपैकी काहींनी त्याच खुल्या कोडवरून २०२१ मध्ये ऑरगॅनिक उभं केलं. त्याच कोडची पुढची फांदी म्हणजे २०२५ मधलं कोमॅप्स. वापरणाऱ्याला यातलं महत्त्वाचं एवढंच, की जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, आणि पायी, सायकल, गाडी असे तिन्ही रस्ते फोनमध्येच आखले जातात. वाट चुकलात तरी पुन्हा आखून मिळते.

हा फरक प्रत्यक्षात कसा दिसतो ते सांगतो. फोन फ्लाइट मोडवर टाकून मी चालत पाच मिनिटांवरचं ठिकाण दोन ॲपांत शोधलं. फक्त गाडीचा रस्ता जाणणाऱ्यानं मला मुख्य रस्त्यानं मोठा वळसा घालायला सांगितलं. दुसऱ्यानं दोन इमारतींमधली बोळ दाखवली, तिच्या टोकाच्या पायऱ्या दाखवल्या आणि पायऱ्यांपलीकडचं पाण्याचं नळकोंडाळंही. स्वयंसेवकांच्या नकाशात हीच मजा आहे: पायवाटा, पायऱ्या, झरे, बाकडी, कुंपणातली फाटकं. गाडीवाल्याला ज्यांचं काही पडलेलं नसतं, अशा गोष्टी.

पण तोच नकाशा घरक्रमांक आणि दुकानांच्या बाबतीत पार उघडा पडू शकतो. ज्या भागात उत्साही लोक आहेत तिथे झाड न् झाड नोंदलेलं, आणि शेजारच्या भागात नुसती रस्त्याची रेघ. नाव अचूक टाकावं लागतं. म्हणून मी ठिकाण नेट असतानाच शोधून त्यावर खूण करून ठेवतो. आयत्या वेळी नाव शोधत बसायचं नाही. आणि नकाशा ताजा करायचं काम आपलं आपल्याला आठवणीनं करावं लागतं.

ऑसमअँडचा नकाशा त्याच ओपनस्ट्रीटमॅपचा, स्वभाव मात्र उलटा. ऑरगॅनिक उघडलं की चालायला लागायचं, ऑसमअँड उघडलं की आधी सेटिंग्जच्या जंगलात शिरायचं. पहिल्या दिवशी मी ते वैतागून काढून टाकलं होतं. पुन्हा घेतलं ते डोंगरातल्या चालण्यासाठी, आणि तिथे त्याला तोड नाही. समोच्च रेषा ऑरगॅनिकमध्येही बऱ्याच भागांत दिसतात, पण ऑसमअँडमध्ये उतारांची छाया, चढ किती तीव्र आहे त्याचे रंग, चालण्याचा, सायकलचा, गाडीचा वेगवेगळा थाट, चाललेल्या वाटेची नोंद, दुसऱ्या कुणी नोंदवलेल्या वाटेची जीपीएक्स फाइल उघडून तिच्यावरून चालणं, असं सगळं आहे. किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. एक म्हणजे वेळ: लांबचा रस्ता आखायला ते रेंगाळतं. दुसरी खरीखुरी: गूगल प्लेवरच्या मोफत आवृत्तीत नकाशे उतरवण्यावर मर्यादा आहे आणि उंचसखलपणाचे काही थर पैसे भरून मिळतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. हिअर वीगो गाडीसाठी चांगलं आहे, देशच्या देश एका फटक्यात उतरवता येतो. वेझला मात्र नेट हवंच. चालकांकडून येणारी ताजी माहिती हाच त्याचा जीव, त्यामुळे रेंजशिवाय त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

मग निवड कशी करायची? गाडीनं, ओळखीच्या पद्धतीच्या रस्त्यांवरून जायचं आणि मधे काही पट्ट्यांत रेंज जाते एवढीच अडचण असेल, तर गूगलचा नकाशा उतरवून ठेवा, दुसरं काही शिकायच्या फंदात पडू नका. परक्या शहरात डेटा न घेता पायी भटकायचं असेल, तर ऑरगॅनिक. आयफोनवाल्यांनी आधी ॲपलमध्ये तो भाग मिळतो का ते बघावं. डोंगर-जंगलात दिवसभर चालायचं असेल तर ऑसमअँड, पण निघायच्या आधी निदान आठवडाभर घराजवळच वापरून. माझ्या फोनमध्ये सध्या दोन आहेत: शोधायला गूगल, चालायला ऑरगॅनिक. दोघांचा नकाशा वेगळ्या हातांनी काढलेला असल्यानं एकात नसलेली वाट दुसऱ्यात बऱ्याचदा असते. त्यामुळे एकाच घराण्यातली दोन ॲपं ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

कोणतंही घेतलंत तरी काही गोष्टी ॲपच्या हाताबाहेरच्या आहेत. लांबच्या प्रवासानंतर बंद फोन रेंज नसलेल्या जागी सुरू केला, तर ठिपका लगेच येत नाही. एरवी कोणता उपग्रह कुठे आहे याची माहिती फोन नेटवरून क्षणात घेतो. नेट नसेल तर ती थेट उपग्रहाकडून ऐकावी लागते, आणि उपग्रह बोलतो सेकंदाला ५० बिट्सच्या गतीनं. एका उपग्रहाचा स्वतःचा ठावठिकाणा सांगून व्हायला ३० सेकंद लागतात, आणि मधे झाड-भिंत आली की पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी उघड्या आभाळाखाली दोन-तीन मिनिटं स्वस्थ उभं राहा. ॲप बंद-चालू करत बसलात तर आणखी वेळ जातो.

दुसरं म्हणजे ठिपका बरोबर असतो, पण त्याचा बाण खोटं बोलतो. बाण फोनच्या होकायंत्रावर चालतो आणि कव्हरमधलं लोहचुंबक त्याला सहज फसवतं. फाट्यावर शंका आली तर एका वाटेनं तीस-चाळीस पावलं चालून ठिपका कुठे सरकतो ते बघा. फक्त चार-पाच पावलांवर विसंबू नका. मोकळ्या जागेतही फोनची जागा साधारण पाच मीटर इकडेतिकडे असू शकते, उंच इमारती किंवा कडे असतील तर त्याहून बरीच जास्त.

घरून निघण्याआधीची परीक्षा दहा मिनिटांची आहे. नकाशा उतरवा, फ्लाइट मोड लावा, वायफायही बंद करा, फोन बंद करून पुन्हा सुरू करा, आणि मग जिथे जायचंय ते ठिकाण शोधून जसं जाणार आहात तसाच, पायी तर पायी, रस्ता आखून बघा. नुसता नकाशा उघडला म्हणून खूश होऊ नका. मुक्कामाचे अक्षांश-रेखांश एका कागदावर लिहून खिशात ठेवा, दशांशचिन्हानंतर चार आकड्यांपर्यंत तरी. चौथा आकडा म्हणजे अक्षांशात सुमारे ११ मीटर, पाचवा म्हणजे सुमारे एक मीटर. हे आकडे कुठल्याही ॲपमध्ये टाकता येतात, साध्या एसएमएसनं पाठवता येतात, आणि आपला फोन बंद पडलाच तर दुसऱ्या कुणाच्या फोनमध्येही.