नदीचं पाणी तपासायचं किट: पंचगंगेच्या काठावर वापरून बघितलं, पैसे वसूल आहेत का?

आधीच सांगतो, घरच्या आरओचं पाणी बघायला किट पाहिजे असेल तर हा रिव्ह्यू तुमच्यासाठी नाही, तीनचारशे रुपयांचं टीडीएस पेन (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ) घ्या आणि मोकळे व्हा. ज्यांच्या गावावरनं नदी जाते, वरच्या अंगाला कारखाने नाहीतर प्रोसेस (कापड रंगवायचे कारखाने) आहेत, पाण्याचा रंग बदलला की ग्रुपवर फोटो फिरतात, चार जण शिव्या घालतात आणि पुढं काहीच होत नाही, अशा लोकांसाठी हे लिहितोय. आम्ही शिरोळ तालुक्यातले, म्हणजे कोल्हापूर आणि इचलकरंजी दोन्हीचं पाणी पिऊन झालेल्या पंचगंगेच्या अगदी शेवटाला, पुढं नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेला मिळते. काही शेतकरी, एक शाळेतले सर, दोन मच्छीमार मामा आणि मी असे मिळून वर्गणी काढली आणि पेटी मागवली. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण अशा पेट्या सगळ्या सारख्याच असतात, आत पेनं तीच, फक्त बाहेरचं स्टिकर वेगळं.

पेटीत काय येतं: पीएच पेन (पाणी आम्ल का अल्कली ते बघायला), टीडीएस पेन, एक थर्मामीटर, पाण्यातला ऑक्सिजन मोजायची काचेची बाटली आणि त्याचे थेंब, अमोनिया-नायट्रेटच्या रंग बघायच्या पट्ट्या, आणि एक माहितीपुस्तिका जिचं मराठी कोणी केलंय देव जाणे. किंमत साडेतीन-चार हजारांच्या आसपास.

टीडीएस पेनपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याचेच आहेत. हे पेन पाण्यातली घाण मोजत नाही, पाण्यातनं वीज किती सहज जाते ते मोजतं आणि त्याला एका ठरलेल्या आकड्यानं गुणून टीडीएस म्हणून दाखवतं. म्हणजे त्याला दिसतात फक्त क्षार. आता इचलकरंजीत कापड रंगवताना मीठ, सोडा, कॉस्टिक भरपूर लागतं, त्यामुळं प्रोसेसचं पाणी नाल्यात कच्चंच आलं तर पेनला लगेच कळतं, आकडा एकदम चढतो आणि पीएचही वर जातो. तिथं हे पेन एक नंबर काम करतं. पण साखर कारखान्याच्या पाण्यात मुख्य घाण असते साखर, आणि साखर विरघळलेल्या पाण्यातनं वीज काही जास्त जात नाही! म्हणजे गळीत हंगामात गोडसर आंबूस वासाचं पाणी डोळ्यादेखत वाहतंय आणि पेन म्हणतंय सगळं ठीक आहे. नुसतं टीडीएस पेन घेऊन नदीवर जाणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवा, नाहीतर तुमचाच व्हिडिओ समोरचा पुरावा म्हणून वापरंल. (डिस्टिलरीची मळी, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेलं पाणी, मात्र पेनला सापडते, तिच्यात क्षार ढीगभर असतात आणि ती आंबटही असते.)

आमचे मच्छीमार मामा पहिल्या दिवशीच म्हणाले, "पेनाला काय इचारतोस, वास घे की." त्यांचं बरोबर आहे, पण वास कागदावर लिहून देता येत नाही ना.

पीएच पेन. चांगलं आहे पण लाडावलेलं आहे. सोबत ४.०१ आणि ६.८६ च्या पावडरच्या पुड्या येतात, त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून पेन आधी जुळवून घ्यायचं, आणि हे दर वेळी करायचं, महिन्यातनं एकदा करून चालत नाही. टोकाचा काचेचा बुडबुडा वाळला की आकडे भरकटतात. झाकणात दोन थेंब स्टोरेज सोल्यूशन पाहिजे, जे पेटीत येतच नाही, वेगळं घ्यावं लागतं, आणि पुस्तिकेत लिहिलंय की डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा, जे साफ चूक आहे, त्यानं काच लवकर मरते. विक्रेत्याला हे कळवलं तर उत्तर आलं "थँक यू फॉर युवर फीडबॅक". असो.

आता या पेटीतली खरी वस्तू: ऑक्सिजनची बाटली. स्वच्छ वाहत्या पाण्यात आपल्याकडच्या हवामानात लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. माशांना निदान ४ पाहिजे, अंघोळीच्या घाटासाठी सरकारी निकषच ५ चा आहे, आणि २ च्या खाली गेलं की मासे वर येऊन तोंडं उघडायला लागतात. साखरेचं पाणी असो नाहीतर गावाचं सांडपाणी, ते खाताना जिवाणू ऑक्सिजन संपवतात, म्हणजे जे टीडीएस पेनला दिसलं नाही ते इथं पकडलं जातं. बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, मग पहिल्या दोन रसायनांचे थेंब टाकले की तपकिरी साका तयार होतो (साका पांढराच राहिला तर समजायचं ऑक्सिजन संपलाय, आकडा काढायचीही गरज नाही), मग ॲसिड, मग स्टार्चनं निळं होतं, आणि शेवटी थायोसल्फेटचे थेंब मोजत जायचं, निळं गेलं की थांबायचं, जितके थेंब जास्त तितका ऑक्सिजन जास्त. शाळेतल्या सरांना हे भलतंच आवडलं, पोरांना घेऊन येतात. हातमोजे घालाच पण, त्यात ॲसिड आहे आणि एका बाटलीत ॲझाइड असतं जे विषारी आहे, वापरलेलं पाणी डब्यात साठवा, परत नदीत ओतू नका, नाहीतर प्रदूषण मोजता मोजता आपणच करायचं.

दोन अडचणी. एक, पाणी आधीच रंगीत असेल तर निळं कधी गेलं तेच कळत नाही, म्हणजे प्रोसेसच्या नाल्यावर ही बाटली फेल. दोन, वेळ. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं म्हणून आकडा छान येतो, खरी परिस्थिती पहाटे उजाडायच्या आत दिसते. जो कोणी दुपारी बाराचं रीडिंग दाखवून नदी ठणठणीत आहे म्हणतो त्याला पहाटे घेऊन जा. बंधाऱ्याचंही बघावं लागतं, आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्याला बरगे (अडवायच्या फळ्या) घातले की पाणी तुंबतं, तळाला घाण बसते, आणि बरगे काढले की ती सगळी एकदम खाली येते. पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर मासे मेल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतायत त्याचं एक कारण हेही आहे. म्हणून रीडिंगसोबत बरगे होते का काढले होते ते लिहायचंच.

पट्ट्यांबद्दल काय लिहू. नदीच्या पाण्यावर त्यांचा रंग तीन वेगळ्या माणसांना तीन वेगळा दिसतो.

एवढं सगळं करून आकडा आला, तर पुढं काय? इथं पेटी संपते आणि खरी गोष्ट सुरू होते, जी पेटीत येत नाही आणि जिला पैसेही फारसे लागत नाहीत: कारखान्याचं संमतीपत्र, ज्याला सगळे कन्सेंट म्हणतात. १९७४ च्या जल कायद्याखाली सांडपाणी सोडणाऱ्या प्रत्येक उद्योगाला प्रदूषण नियंत्रण मंडळाकडनं हे घ्यावं लागतं, नगरपालिका-महापालिकांनाही लागतं बरं का. त्यात लिहिलेलं असतं रोज किती पाणी (सीएमडीमध्ये, १ सीएमडी म्हणजे दिवसाला १००० लिटर), ट्रीटमेंट प्लांट केवढा, बाहेर पडताना पीएच, बीओडी (घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), सीओडी (तीच घाण रसायनानं जाळायला लागणारा ऑक्सिजन), टीडीएस किती चालेल, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते पाणी जाणार कुठं. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याचे सर्वसाधारण निकष पीएच ५.५ ते ९, बीओडी ३०, सीओडी २५० (लिटरला मिलिग्रॅम) असे आहेत, आणि आपल्याकडच्या कन्सेंटमध्ये टीडीएससाठी २१०० हा आकडा बऱ्याचदा दिसतो.

आणि इथंच लोक गडबड करतात. नदीत टीडीएस ९०० आलं, मर्यादा २१०० आहे, म्हणजे सगळं नियमात, असं लिहिणारे महाभाग मी बघितलेत. अरे बाबा, २१०० हा प्लांटच्या आउटलेटचा आकडा आहे, नदीचा नाही! नदीत मिसळून पातळ झाल्यावर कसला २१०० लावताय. आपल्याला आउटलेटपर्यंत आत कोण सोडणार, म्हणून आपण करायचं एवढंच की नाला नदीला मिळतो त्याच्या वर एक रीडिंग, नाल्याच्या तोंडाशी एक, आणि खाली थोड्या अंतरावर एक, तिन्ही त्याच तासाभरात. नुसत्या एका आकड्याला काही किंमत नाही, तिन्हींमधला फरक बोलतो.

पण कन्सेंट वाचल्यावर मला जे जास्त भारी वाटलं ते वेगळंच. बऱ्याच कन्सेंटमध्ये नदीत किंवा नाल्यात सोडायची परवानगीच नसते! पाणी ट्रीट करून स्वतःच्या जमिनीवर वापरा, नाहीतर सामुदायिक प्रक्रिया केंद्राकडं पाठवा, नाहीतर पूर्ण परत वापरा, एक थेंब बाहेर नाही, असं असतं. मग तिथं पीएच सात आहे का आठ याला अर्थच राहत नाही, पाइप नदीकडं तोंड करून आहे हाच भंग. चार हजारांच्या पेटीपेक्षा तारीख-लोकेशनसकट काढलेला पाइपचा फोटो आणि कन्सेंटचं ते एक पान जास्त काम करतं. म्हणून माझं म्हणणं, पेटीच्या आधी कागद मिळवा, आणि कागद वाचून ठरवा पेटी लागते का नाही.

कागद मिळतो कसा, तर मंडळाच्या वेबसाइटवर बरेच कन्सेंट टाकलेले असतात, नसेल तर माहिती अधिकार, १० रुपयांचा अर्ज, ३० दिवस. आणि एक कलम फार कमी लोकांना माहीत आहे, जल कायद्याचं २५(६), त्यात म्हटलंय की मंडळानं घातलेल्या अटींचं रजिस्टर ठेवायचं आणि त्या सांडपाण्याचा ज्याच्यावर परिणाम होतो अशा कुणालाही ते बघायला मिळालं पाहिजे. म्हणजे काठावरचा शेतकरी, मच्छीमार, घाटावर अंघोळीला येणारा, सगळे आले त्यात. हे १९७४ पासून कायद्यात आहे, आणि आमच्या ग्रुपात एकालाही माहीत नव्हतं.

मात्र ही सगळी देखरेख परवानगी दिल्यानंतरची. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते तेव्हा २००६ च्या अधिसूचनेप्रमाणं जनसुनावणी होते, मांडव पडतो, लोक बोलतात, ते इतिवृत्तात जातं. पण कन्सेंट देताना किंवा त्याचं नूतनीकरण करताना अशी कुठलीच सुनावणी नाही. नदीत रोज काय जाणार हे ज्या कागदावर ठरतं त्यावर नदीकाठच्या माणसाला आधी विचारतच नाहीत, हे मला तरी उलटं वाटतं. २०१७ साली सुप्रीम कोर्टानं कारखान्यांच्या सांडपाण्याच्या ऑनलाइन मोजमापाचे आकडे लोकांना दिसतील असे ठेवायला सांगितलंय, ते चांगलंच आहे, पण आकडा दिसणं आणि अट ठरवताना बोलायला मिळणं यात फरक आहे.

आणि एक भ्रम काढून टाका, आपल्या किटचं रीडिंग कोर्टात चालत नाही. कलम २१ प्रमाणं अधिकाऱ्यानं नमुना घ्यायचा, कारखान्याला नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करून सील करायचे, दोघांच्या सह्या, मग लॅब. यात एक पायरी चुकली की प्रकरण ढिलं पडतं. बीओडीची टेस्टच २७ डिग्रीला ३ दिवस चालते, ती काय बंधाऱ्यावर बसून होणार. मग पेटी कशाला? कधी आणि कुठं नमुना घ्यायला बोलवायचं ते कळायला. रोजचं रजिस्टर असलं की दिसतं, पाणी अमुक नाल्यातनं रात्रीचंच येतं, शनिवारी-रविवारी जास्त येतं, मग तक्रारीत "नदी प्रदूषित आहे" असं न लिहिता जागा, वेळ, वरचं-खालचं रीडिंग आणि कन्सेंटमधली मोडलेली अट असं लिहिता येतं. त्यावरही काही नाही झालं तर कलम ४९, मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन सामान्य माणूस स्वतः कोर्टात तक्रार करू शकतो, आणि मग मंडळाकडचे त्यासंबंधीचे रिपोर्टही मागू शकतो, सार्वजनिक हिताचं कारण दाखवून मंडळ ते नाकारू शकतं हे धरून चला.

आणखी एक, सगळं खापर कारखान्यांवर फोडायला हे किट वापरू नका. कोल्हापूरच्या जयंती नाल्यापासनं गावागावांच्या गटारीपर्यंत सांडपाण्याचा वाटा मोठा आहे, आणि ऑक्सिजनच्या बाटलीला साखर कारखाना आणि गटार यातला फरक कळत नाही. इचलकरंजीत २०१२ ला काविळीची साथ आली होती, ती काय कापडाच्या रंगानं आली नव्हती. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रात होते, सगळ्या राज्यांत जास्त, आणि ती यादी बीओडीवर ठरते ज्यात सांडपाणी सगळ्यात पुढं असतं.

तर रेटिंग. टीडीएस पेन ४, प्रोसेसच्या नाल्यावर असाल तर ५. पीएच पेन ३. ऑक्सिजनची बाटली ५ पैकी साडेचार, अर्धा रंगीत पाण्याचा कापला. पट्ट्या ०. पुस्तिका उणे असतं तर उणे दिलं असतं. अख्खी पेटी घेण्यापेक्षा टीडीएस पेन आणि ऑक्सिजनचं किट वेगवेगळं घेतलं तर स्वस्तात पडतं, पीएच पेन नंतर घ्या. ऑक्सिजन किटचा रिफिल वेगळा मिळतो का ते आधी विचारा, आमच्याला बाटल्या संपल्यावर अख्खी पेटी परत घ्या म्हणाले होते. आणि थायोसल्फेटवर तारीख बघूनच घ्या, जुनं असलं की थेंब जास्त लागतात आणि नदीत आहे त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दिसतो.