टीव्ही ‘वॉटरप्रूफ’ करून देणारं २,४९९ रुपयांचं पॅकेज

रत्नागिरीत समुद्राजवळचा फ्लॅट, हॉलमध्ये ५५ इंची बिनफ्रेमचा एलईडी टीव्ही. मे अखेरीस सोसायटीत ‘मान्सून कॅम्प’ म्हणत दोघं जण आले. मोबाइलच्या काचेवर त्यांनी काहीतरी फवारलं, पुसलं, वर पाण्याचे थेंब सोडले. थेंब मोत्यासारखे घरंगळून गेले. “बघितलंत ना काकू? तुमच्या टीव्हीला तर फ्रेमच नाही, पावसाळ्यात ओल थेट आत जाणार.” पॅकेज २,४९९ रुपयांचं: पडद्याला नॅनो कोटिंग, खालच्या फटीला सीलंट, मागे ओल शोषणाऱ्या पुड्या आणि वर प्लॅस्टिकचं कव्हर. सोबत ‘आयपी ६८’ (धूळ आणि पाणी रोखण्याचा दर्जा) छापलेलं कार्ड आणि तीन वर्षांची गॅरंटी. ऑगस्टमध्ये पडद्याच्या खालच्या कडेपासून वर जाणाऱ्या बारीक उभ्या रेषा उमटल्या. कार्डावरचा नंबर तोवर बंद झाला होता. कंपनीच्या तंत्रज्ञाने खालची पट्टी काढली, हिरवट गंज दाखवला आणि ‘लिक्विड डॅमेज, वॉरंटीबाहेर’ असं लिहून दिलं. पॅनेल बदलायचं तर खर्च नव्या टीव्हीच्या जवळपास जातो.

फ्रेम नसल्यामुळे धोका वाढतो, हे त्या माणसाचं म्हणणं खरंच होतं. म्हणून तर लोक फसतात.

या टीव्हीत पुढून काचेला धरणारी चौकट नसते. काच मागच्या सांगाड्यावर चिकटपट्टीने बसवलेली असते आणि खाली फक्त एक अरुंद पट्टी. बहुतेक मॉडेलमध्ये त्या पट्टीमागे पडद्याचा सगळ्यात नाजूक भाग असतो: काचेच्या कडेला चिकटवलेल्या, चिप बसवलेल्या पातळ फिल्म. दुरुस्तीवाले त्यांना सीओएफ किंवा टॅब म्हणतात. त्यातल्या तारा केसाहून बारीक, एकमेकींना जवळजवळ खेटून. दोन तारांमध्ये ओल आणि वीज एकत्र आली की एका तारेतला धातू विरघळून दुसरीकडे सरकतो आणि शॉर्ट होतो. मग त्या फिल्मच्या बरोबर वर रेष, पट्टा किंवा काळा उभा भाग दिसतो.

आता तो स्प्रे. पाणी झटकणारा थर काचेवर बसतो, आतल्या फिल्मवर नाही. शिवाय साध्या पडद्यावर थेंब जिथल्या तिथे पसरतो, तर कोटिंग केलेल्या पडद्यावर तो सरळ घरंगळत खालच्या फटीत जातो. मोबाइलवर टाळ्या घेणारा गुणच इथे घात करतो. आणि आयपी हा आकडा बाटलीतल्या द्रवाला मिळत नाही. धूळ आणि पाणी किती रोखलं जातं याची चाचणी बंद खोक्यासकट संपूर्ण उपकरणावर होते. मागे हवेसाठी जाळी असलेला घरगुती टीव्ही ‘आयपी ६८’ असूच शकत नाही.

सीलंटने त्याहून जास्त नुकसान केलं. खिडकीला लावतात ते स्वस्त सिलिकॉन वापरलं होतं. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते. तो वास ॲसेटिक ॲसिडचा. सिलिकॉन सुकेपर्यंत ते ॲसिड बाहेर पडत राहतं आणि तांबं खातं. फट बंद केल्याने आत गेलेली ओल बाहेर पडायलाही वाट उरली नाही.

पुड्यांचा हिशोब मात्र कुणीही घरी करू शकेल. १२ बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ४१ घनमीटर हवा. पावसाळ्यात २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर दर घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम वाफ असते, म्हणजे खोलीत ९०० ग्रॅमच्या वर. ५ ग्रॅमची सिलिका जेलची पुडी जास्तीत जास्त २ ग्रॅम पाणी धरते. उघड्या जाळीच्या टीव्हीमागे चिकटवलेल्या चार पुड्या चहात पडलेल्या बिस्किटासारख्या, बघता बघता भिजून संपतात.

प्लॅस्टिकचं कव्हर तर घालूच नये. आतली दमट हवा कोंडते आणि पडदा गार झाला की कव्हरच्या आतून पाणी धरतं.

खरा धोका दोन ठिकाणी आहे. एक, एसी. २८ अंश, ८५ टक्के हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं ते, सुमारे २५ अंश असतो. एसीने खोली २२ अंशांवर आणली, टीव्हीही तेवढाच गार झाला आणि मग कुणी खिडकी उघडली, की पडद्यावर आणि आतल्या बोर्डावर दव धरतं. अशा वेळी टीव्ही लावू नका. दोन-तीन तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. एसीचा झोत टीव्हीवर येत असेल तर पाती वळवा. कोकणात भर म्हणजे खारी धूळ: आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. मागची जाळी महिन्यातून एकदा मऊ, कोरड्या ब्रशने झटकली तर बरंच निभावतं.

दुसरं ठिकाण म्हणजे साफसफाई. काच पुसायचा निळा स्प्रे थेट पडद्यावर मारणं हे ओलीच्या बिघाडांचं अगदी नेहमीचं कारण, आणि त्यासाठी पावसाळाही लागत नाही. प्लग काढा. आधी कोरडं मायक्रोफायबर फिरवा. डाग राहिलाच तर डिस्टिल्ड पाणी कापडावर घ्या, घट्ट पिळा आणि हलक्या हाताने पुसा. खालचे दोन सेंटिमीटर कोरड्या कापडानेच. ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टीव्ही टांगू नये. टांगावाच लागला तर मागे १० सेंटिमीटर जागा सोडा. पावसाळ्यात रोज तासभर चालू ठेवला तर आतल्या उष्णतेने बोर्ड कोरडे राहतात. आर्द्रता मोजणारं साधं हायग्रोमीटर काही शे रुपयांत मिळतं. काटा सतत ८० च्या वर असेल तर एसी ‘ड्राय’ मोडवर लावा किंवा हवेतली ओल काढणारा डीह्युमिडिफायर घ्या.

पाणी आत गेलंच तर लगेच मेन बंद करा आणि ‘चालतोय का’ बघायला पुन्हा लावू नका. शॉर्ट तेव्हाच होतो. हेअर ड्रायर नको, त्याने काचेवर चिकटवलेली पोलरायझरची फिल्म सुटते. तंत्रज्ञाकडून खालची पट्टी उघडून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने टॅब आणि बोर्ड साफ करून घ्या. गंज चढायच्या आधी हे झालं तर पॅनेल वाचण्याची शक्यता असते.

रेषा आल्यावर दुसरी फसवणूक दारात उभी असते. आधी टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. रेष मेनूवरूनही जात असेल तर सेट टॉप बॉक्स किंवा केबल बदलून उपयोग नाही. मग कुणीतरी ‘दीड हजारात लाइन घालवतो’ म्हणतो. काही पॅनेलवर एका बाजूच्या क्लॉक सिग्नलवर (चित्राच्या ओळी चालवणाऱ्या जोडणीवर) इन्सुलेशन टेप लावली की चित्र दुसऱ्या बाजूने चालतं आणि काही दोष दिसेनासे होतात. गंज मात्र आत तसाच. खरं टॅब बाँडिंग, म्हणजे टॅब काचेला पुन्हा चिकटवणं, गरम डोक्याच्या मशीनवर, विशेष चिकट फिल्म वापरून होतं, आणि ते करणाऱ्याकडून हमी बिलावर लिहून घ्या. तोंडी हमी देणाऱ्याला पाठवून द्या.

रत्नागिरीच्या त्या घरात बिल होतं, पण त्यावर फक्त ‘सर्व्हिस चार्ज’ एवढंच. काय लावलं, कुठे लावलं, पत्ता, जीएसटी क्रमांक, काहीच नाही. पैसे मात्र यूपीआयने दिले होते, त्यामुळे घेणाऱ्याच्या खात्याचं नाव हाती राहिलं. त्या व्यवहाराचा तपशील, ‘आयपी ६८’चं कार्ड, तंत्रज्ञाचा लेखी अहवाल आणि सिलिकॉन लागलेल्या कडेचे फोटो एवढ्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथे तोडगा निघाला नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे अर्जाचं शुल्कही लागत नाही.