एमसार: कौन्सेलरच्या आधी घ्यावी अशी वर्गणी

अमेरिकेत एमडीसाठी, म्हणजे तिथल्या डॉक्टरकीच्या मूळ पदवीसाठी, अर्ज करायचाय? मग दादर-अंधेरीतल्या कौन्सेलरची फी भरण्याआधी एएएमसी या अमेरिकी मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या 'एमसार'ची, म्हणजे कॉलेजांच्या प्रवेशाच्या अटी सांगणाऱ्या ऑनलाइन माहितीकोशाची, वर्षाची वर्गणी भरा. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार तेवढे सुरू करून घ्या. परदेशी विद्यार्थी घेणारी कॉलेजं यात वेगळी काढता येतात आणि यादी भराभर आखडते. पण तिथं थांबू नका, खरी मेख प्रत्येक कॉलेजच्या पानावर असते. अमेरिका-कॅनडातल्या कॉलेजात किती शिक्षण झालेलं हवं? फी आधीच एस्क्रो खात्यात (पैसे राखून ठेवणाऱ्या तिऱ्हाइताच्या खात्यात) ठेवावी लागते का? मुंबई विद्यापीठाची नुसती बीएस्सी बहुतेकदा इथंच अडते, कारण बहुतेक कॉलेजांसाठी अर्ज स्वीकारणारी एएएमसीची सेवा, एमकास, परदेशी गुणपत्रिका पडताळत नाही. परदेशी पदव्या तपासून देणाऱ्या डब्ल्यूईएस या संस्थेचं मूल्यांकनही एमकासला चालत नाही. एखाद्या कॉलेजनं स्वतः मागितलं, तरच तो खर्च करा.