आजी-आजोबा आणि नातवंडांची डोंगरातली सुट्टी: माथेरान, महाबळेश्वर की भंडारदरा?

आई-बाबांना रजा नाही, शाळेला सुट्टी आहे, मग नातवंडांना घेऊन आपणच दोन-तीन दिवस थंड हवेला जाऊन यावं, असं पुण्यातल्या अनेक आजी-आजोबांच्या मनात येतं. नावं बहुधा हीच तीन निघतात. पण हॉटेलचे फोटो बघून ठरवू नका. आपला गुडघा आणि नातवंडाचं वय आधी विचारात घ्या. दोघांना एकाच चालीने काय करता येईल, यावर माझी निवड ठरते.

नातवंड पाच ते दहा वर्षांचं असेल आणि तुम्ही रोज सकाळी टेकडीवर किंवा बागेत फिरायला जात असाल, तर मी डोळे झाकून माथेरान सांगेन. तिथे मोटारींना बंदी आहे, आणि त्याची खरी किंमत नातवंडं बरोबर असली की कळते. रस्त्यावर त्यांचा हात सोडता येतो. लाल मातीची वाट, दोन्ही बाजूंना झाडी. पोरगं दहा पावलं पुढे पळतं, थांबतं, किडा बघतं, तोवर आपण पोहोचतो. लहान मुलांची आणि साठी-सत्तरीतल्या माणसांची चाल इतकी जुळणारं दुसरं ठिकाण पुण्याजवळ मला माहीत नाही. घोडे तेवढे जपून, आणि माकडांसमोर खाऊची पिशवी उघडायची नाही. कड्यांवरच्या पॉइंटांवर मात्र हात घट्ट धरायचा.

जाण्यातही मजा आहे. पुण्याहून रेल्वेने कर्जत, तिथून लोकलने नेरळ आणि पुढे 1907 साली सुरू झालेली छोटी रेल्वेगाडी. नेरळहून वरपर्यंतचा प्रवास दोन तासांहून जास्त चालतो. तेवढा वेळ मूल बसणार नसेल तर दस्तुरी नाक्यापर्यंत मोटारीने जा आणि अमन लॉज स्टेशनहून शेवटचा छोटा टप्पा त्याच रेल्वेगाडीने करा. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते, अमन लॉजच्या फेऱ्या चालू राहतात. सामान कमी न्या. हॉटेल स्टेशनपासून किती लांब आणि वाटेत चढ किती, हे फोनवरच विचारून घ्या. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असेल तर मात्र माथेरान नको. तिथे मोठं रुग्णालय नाही आणि आजारी माणसाला खाली आणायला वेळ लागतो.

गुडघे कुरकुरत असतील तर महाबळेश्वर, पण मुक्काम पाचगणीला. महाबळेश्वर पुण्याहून साधारण 120 किलोमीटर, वाईनंतर पसरणी घाट. गाडी लागणाऱ्या मुलाला घाटाआधी भरपेट खायला घालू नका. पाचगणीच्या टेबललँडचं पठार सपाट आहे, त्यामुळे आजोबा रमतगमत चालतात आणि मुलांना धावायला भरपूर जागा मिळते. वेण्णा तलावात नाव आहे, डिसेंबर ते मार्च स्ट्रॉबेरी असते. एका दिवसात आठ-दहा पॉइंट दाखवणारी टॅक्सी मात्र टाळाच. सारखं गाडीत चढ-उतार करून दोन्ही पिढ्या चिडचिड्या होतात. त्यापेक्षा क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात निवांत बसा. पाच नद्यांचा उगम तिथे मानतात. त्यातली कृष्णा पूर्वेला बंगालच्या उपसागराला मिळते, सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राला. नकाशा सोबत न्या. एकाच डोंगरावरचं पाणी दोन समुद्रांना कसं जातं, हे मुलं तासभर विचारत राहतात. प्रतापगडाच्या पायऱ्या बऱ्याच आहेत, त्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी नाहीत.

भंडारदरा लांब आहे, पुण्याहून आळेफाटामार्गे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. नातवंडं दहाच्या पुढची असतील तरच हा पर्याय. प्रवरेवरचं जुनं विल्सन धरण, रतनवाडीचं कोरीव अमृतेश्वर मंदिर, समोर 1646 मीटरचं कळसूबाई. शिखरावर जाताना लोखंडी शिड्या आहेत, ते आपण खालूनच बघायचं. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे दिसतात. ते बघायला आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. शनिवार-रविवारी गाड्यांचे दिवे आणि गर्दी यांत काजवेही हैराण होतात आणि आपणही. बॅटरी हातात असली तरी बंदच ठेवायची, हे मुलांना आधी समजावून सांगा.

कुठेही जा, मुलांच्या आधारकार्डाची प्रत, त्यांच्या तापाचं औषध आणि आपल्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या बरोबर ठेवा.

आणि बुकिंगचे पैसे भरण्याआधी एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी नातवंडाला घेऊन सिंहगडावर जाऊन या. गाडी वरपर्यंत जाते. वाहनतळापासून देवटाक्यापर्यंत आणि तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपर्यंत चाला, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खा, मग परत या. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कुरकुरला नाही तर माथेरान, कुरकुरला तर पाचगणी.